अमेरिकेतला डिसॅबिलिटी विमा: नोकरी सुटल्यावर तो किती दिवस चालू राहतो?

पगाराच्या स्लिपवर दर खेपेला सोशल सिक्युरिटीच्या नावाने ६.२ टक्के कापलेले दिसतात. म्हातारपणीच्या पेन्शनचे पैसे, असं म्हणून आपण ती ओळ बघतो आणि पुढे जातो. पण त्याच कपातीत आणखी एक विमा आहे. ऐन उमेदीत असा आजार किंवा अपघात झाला की काम करणंच अशक्य व्हावं, तर निवृत्तीच्या वयाची वाट न बघता दरमहा रक्कम देणारा. त्याचं नाव सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी इन्शुरन्स, बोलताना एसएसडीआय. १९५६ पासून तो कायद्यात आहे.

कपात एकच असली तरी पेन्शन आणि हा विमा यांचे नियम वेगळे आहेत. पेन्शनसाठी आयुष्यभरात ४० क्रेडिट्स जमली की हक्क कायमचा. डिसॅबिलिटीला मात्र मुदत आहे. काम थांबल्यावर काही वर्षांनी, आणि मध्ये खंड पडलेला असेल तर काही महिन्यांतसुद्धा, हा विमा संपतो. तो संपल्याचं पत्र येत नाही. दहा-पंधरा वर्षं कर भरलेला माणूस आजारी पडून अर्ज करतो, थोड्याच दिवसांत नकार येतो, आणि त्या पत्रात आजाराबद्दल एक अक्षर नसतं. अलीकडच्या काळातलं काम पुरेसं नाही, एवढंच लिहिलेलं असतं. डॉक्टरांची फाइल कोणी उघडलेलीच नसते.

ज्या दिवशी हा विमा संपतो त्या दिवसाला सोशल सिक्युरिटीच्या भाषेत 'डेट लास्ट इन्शुअर्ड' म्हणतात. वकील आणि ऑफिसातली माणसं नुसतं 'डीएलआय' म्हणतात. ही तारीख कशी ठरते हे एकदा नीट कळलं की बाकीचे निम्मे नियम आपोआप समजतात.

क्रेडिट म्हणजे काय

कामाचा हिशेब क्रेडिट्समध्ये होतो. एका वर्षात जास्तीत जास्त ४. २०२६ साली १,८९० डॉलर कमावले की एक क्रेडिट, म्हणजे ७,५६० डॉलरला वर्षाची चारही. २०२५ साली हाच आकडा क्रेडिटला १,८१० आणि वर्षाला ७,२४० होता. तो दरवर्षी थोडा वाढतो.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. १९७८ पासून क्रेडिट वर्षाच्या एकूण कमाईवर मिळतं, कोणत्या महिन्यात कमावलं यावर नाही. जानेवारी-फेब्रुवारीतच दहा-बारा हजार डॉलर पगार झाला आणि मार्चमध्ये नोकरी गेली, तरी त्या वर्षाच्या चारही तिमाही भरलेल्या धरतात. लाखभर डॉलर पगार असलेल्याला आणि वर्षाला आठ हजार कमावणाऱ्याला क्रेडिट्स सारखीच. पगाराचा फरक पुढे मिळणाऱ्या रकमेत पडतो, पात्रतेत नाही.

दोन परीक्षा

पात्रतेसाठी एकाच वेळी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात.

पहिली अट एकूण कामाची. वय २१ पूर्ण झालेल्या वर्षानंतर, अपंगत्व आलं त्याच्या आदल्या वर्षापर्यंत, दर वर्षामागे एक क्रेडिट हवं. कमीत कमी ६, जास्तीत जास्त ४०. पन्नाशीत २८ क्रेडिट्स, साठीत ३८. लहान वयापासून अमेरिकेत काम करणाऱ्याला ही अट सहसा अडवत नाही. उशिरा आलेल्याला मात्र ती चांगलीच अडवते. त्याबद्दल पुढे.

दुसरी अट अलीकडच्या कामाची, आणि डीएलआय ठरते ती हिच्यावरून. वय ३१ किंवा जास्त असेल तर अपंगत्व सुरू झालेल्या तिमाहीसह मागच्या ४० तिमाहींत, म्हणजे दहा वर्षांत, किमान २० क्रेडिट्स हवीत. दहातली पाच वर्षं. कायद्याने अंध ठरलेल्या व्यक्तीला ही दुसरी अट लागू नाही, तिला पहिली पुरते.

दहा वर्षांची ही चौकट दर तिमाहीला एक घर पुढे सरकते. तुम्ही काम करत असाल तर पुढून नवं क्रेडिट आत येतं आणि मागून जुनं बाहेर जातं. काम थांबलं की पुढून येणं बंद होतं, मागून जाणं चालूच राहतं. ज्या तिमाहीत चौकटीत २० उरतात ती शेवटची तिमाही. तिचा अखेरचा दिवस म्हणजे तुमची डीएलआय. म्हणून ही तारीख नेहमी ३१ मार्च, ३० जून, ३० सप्टेंबर किंवा ३१ डिसेंबर अशीच असते.

सरळ उदाहरण घेऊ. एकाने २०१४ पासून सलग नोकरी केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती गेली. शेवटची २० क्रेडिट्स २०१९ ते २०२३ मधली. चौकट २०१९ च्या पहिल्या तिमाहीपासून धरली तर ती २०२८ अखेर संपते. डीएलआय ३१ डिसेंबर २०२८. आता तोच माणूस फेब्रुवारी २०२४ पर्यंत कामावर राहिला असता आणि त्या दोन महिन्यांत ६,९२० डॉलरच्या वर पगार झाला असता, तर २०२४ ची चारही क्रेडिट्स मिळून तारीख ३१ डिसेंबर २०२९ वर गेली असती. दोन महिन्यांच्या पगाराने एक वर्षाचा विमा. वर्षाअखेरीला राजीनामा द्यायचा की जानेवारीनंतर, हे तुमच्या हातात असेल तर हा हिशेब आधी करा. नोकरी सोडताना मिळणारी सेव्हरन्सची रक्कमही पगारातच धरतात आणि ती ज्या वर्षी दिली त्या वर्षात मोजतात. बेकारी भत्ता, भाड्याचं उत्पन्न, व्याज, शेअर विकून झालेला नफा यांतून एकही क्रेडिट मिळत नाही.

खंड पडला की गणित बिघडतं

"काम सोडल्यावर पाच वर्षं विमा असतो" असं सर्रास सांगितलं जातं. ते सलग काम केलेल्यापुरतं खरं आहे. मध्ये खंड असेल तर पाच वर्षं सोडाच, एक वर्षही मिळेल की नाही ते बघावं लागतं.

आपल्याकडच्या अनेक बायकांचा कामाचा इतिहास असा असतो: २०१४ ते २०१६ एच-१बी या कामाच्या व्हिसावर नोकरी, म्हणजे १२ क्रेडिट्स. मग बाळंतपण, नवऱ्याची बदली, स्वतःचा व्हिसा एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला मिळतो तो) झालेला, म्हणून २०१७ ते २०२० घरी. २०२१ आणि २०२२ पुन्हा नोकरी, ८ क्रेडिट्स. एकूण बरोबर २०. ही वीसही चौकटीत राहायची तर चौकट २०१४ च्या सुरुवातीपासून हवी आणि ती २०२३ अखेर संपते. डिसेंबर २०२२ ला काम सोडलेल्या या बाईचा विमा ३१ डिसेंबर २०२३ पर्यंतच. एक वर्ष.

याच बाईने काम पुढे चालू ठेवलं असतं तर काय झालं असतं ते बघण्यासारखं आहे. २०२३ मध्ये चार क्रेडिट्स मिळाली तर डीएलआय डिसेंबर २०२४. २०२४ मध्येही मिळाली तर डिसेंबर २०२५. एका वर्षाच्या कामाला एकच वर्ष वाढतं, कारण चौकट अजून २०१५-२०१६ च्या जुन्या क्रेडिट्सवर टेकलेली आहे. पण २०२५ मध्येही चार मिळाली की २०२१ ते २०२५ अशी सलग वीस होतात, जुन्यांची गरजच उरत नाही, आणि तारीख एकदम डिसेंबर २०३० वर उडी मारते. शेवटच्या एका वर्षाच्या कामाने पाच वर्षं. आणि त्या वर्षी लागणारी कमाई होती ७,२४० डॉलर, महिन्याला सुमारे सहाशे.

आमच्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यांत उपयोगी गोष्ट हीच. विमा चालू ठेवायला पूर्णवेळ नोकरी लागत नाही. तब्येत ढासळू लागली म्हणून मोठं काम सोडावं लागलं, तरी आठवड्यातून दोन दिवसांचं हलकं काम झेपत असेल तर तेवढ्यानेही क्रेडिट्स मिळत राहतात. २०२६ साली महिन्याला १,६९० डॉलरपेक्षा जास्त कमाई असेल तर तुम्ही काम करू शकता असं धरून अर्ज नाकारतात; अंध व्यक्तीसाठी ही मर्यादा २,८३० आहे. महिन्याला ६३० डॉलर कमावणारा वर्षाची चारही क्रेडिट्स मिळवतो आणि त्या मर्यादेच्या बराच खाली राहतो.

केलेलं काम, पण न मोजलेलं

इथे मराठी माणसांची गफलत वारंवार होते.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकून ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, नोकरी करताना, अमेरिकेत आल्यापासूनच्या पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांत सोशल सिक्युरिटी कापली जात नाही. हातात पगार थोडा जास्त येतो, बरं वाटतं. पण त्या काळाचं क्रेडिटही नसतं. ऑगस्टमध्ये आलात तरी ते पूर्ण एक वर्ष धरतात. एच-१बी लागू झाला त्या दिवसापासून कपात सुरू होते.

भारतातली प्रॉव्हिडंट फंडाची वर्षं इथे जोडता येत नाहीत. अमेरिकेचे अनेक देशांशी असे करार आहेत की दोन्हीकडचा काम-काळ एकत्र धरावा. भारताशी तसा करार झालेला नाही. पुण्यात पंधरा वर्षं नोकरी करून आलेला माणूस इथे शून्यापासून सुरू करतो.

सरकारी शाळांत शिकवणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय अशा राज्यांत सरकारी शाळांतल्या शिक्षकांची वेगळी पेन्शन असते आणि सोशल सिक्युरिटी कापली जात नाही. म्हणजे शिक्षिका रोज शाळेत जाते आहे, पगार घेते आहे, आणि तिचा आधीच्या आयटीच्या नोकरीतून आलेला विमा मात्र संपत चालला आहे. ओळखायची खूण सोपी: नोकरी देणारा दरवर्षी देतो त्या पगाराच्या डब्ल्यू-२ फॉर्मवरचा ३ क्रमांकाचा चौकोन बघा. तिथे रक्कम नसेल तर त्या नोकरीचं क्रेडिट नाही. ५ क्रमांकाचा चौकोन मेडिकेअरचा, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचा. तो भरलेला दिसतो म्हणून फसू नका.

मग घरगुती धंदे. डबे, दिवाळीचा फराळ, मोदकांच्या ऑर्डरी, कथकचे क्लास, मुलं सांभाळणं. खर्च जाऊन वर्षाचा नफा ४०० डॉलर किंवा जास्त असेल तर तो टॅक्स रिटर्नसोबतच्या शेड्यूल एसई या फॉर्मवर दाखवून कर भरावा लागतो. तो भरला तरच क्रेडिट. रोखीत घेतलेले आणि न दाखवलेले पैसे त्या दिवशी वाचल्यासारखे वाटतात, पण सोशल सिक्युरिटीच्या दृष्टीने तुम्ही त्या वर्षी घरी बसून होता. स्वयंरोजगारात नफ्याचा ९२.३५ टक्के भागच मोजतात, म्हणून २०२६ ची चार क्रेडिट्स हवी असतील तर नफा ७,५६० नव्हे, सुमारे ८,२०० डॉलर लागतो. त्यावर स्वयंरोजगाराचा कर साधारण १,१६० डॉलर पडतो. पाच वर्षांच्या खंडाला टेकलेल्या बाईसाठी हा या देशातला सगळ्यांत स्वस्त विमा आहे. अर्थात व्हिसावर कामाची परवानगी असेल तरच. एच-४ असेल तर ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, हातात आल्याखेरीज यातलं काहीच करू नये.

नवरा-बायको मिळून दुकान चालवतात आणि टॅक्स रिटर्नमध्ये सगळा धंदा नवऱ्याच्या नावावर, हेही नेहमीचं. बायको गल्ल्यावर रोज आठ तास असली तरी तिच्या खात्यात शून्य. दोघं मिळून चालवलेल्या धंद्याचा नफा दोघांत वाटून प्रत्येकाने आपापलं शेड्यूल एसई भरायची सोय कायद्यात आहे, किंवा बायकोला रीतसर पगारावर ठेवता येतं. कोणती सोय लागू पडते हे धंदा कोणत्या स्वरूपात नोंदवला आहे त्यावर ठरतं, म्हणून रिटर्न भरण्याआधी सीएच्या तोंडून ऐका. नवऱ्याची क्रेडिट्स बायकोच्या डिसॅबिलिटी विम्याला चालत नाहीत.

तरुण आणि उशिरा आलेले

वय २४ च्या आत असेल तर मागच्या तीन वर्षांत ६ क्रेडिट्स पुरतात. २४ ते ३१ च्या मध्ये, वय २१ झाल्यापासून जितका काळ गेला त्याच्या निम्म्या काळाचं काम हवं. सत्ताविसाव्या वर्षी तीन वर्षं, म्हणजे १२. सवलत चांगली आहे, पण ओपीटीची वर्षं हिशेबात नसल्यामुळे आपल्या मुलांना ती पुरतेच असं नाही. जून १९९६ मध्ये जन्मलेला, २०१९ मध्ये एमएस करायला आलेला, ऑक्टोबर २०२२ पासून एच-१बी असलेला मुलगा घ्या. मे २०२५ मध्ये अपघात झाला तर त्याला १६ क्रेडिट्स लागतात. त्याच्याकडे २०२२, २०२३ आणि २०२४ ची मिळून १२ आणि अपघातापर्यंत सुरू झालेल्या २०२५ च्या पहिल्या दोन तिमाहींचीच २, एकूण १४. पगार सहा आकडी असूनही विमा लागू नाही. अशा मुलांनी कंपनीच्या लाँग टर्म डिसॅबिलिटी पॉलिसीला नको म्हणू नये.

दुसरं टोक भावंडांनी ग्रीन कार्डवर बोलावलेल्यांचं. पन्नाशीला आलेल्या माणसाने लगेच काम धरलं तर पाच वर्षांत २० क्रेडिट्स होतात आणि दुसरी अट पुरी होते. पण पंचावन्नाव्या वर्षी पहिल्या अटीला ३३ लागतात. दरवर्षी चार मिळतात आणि गरज एकेने वाढते. दोन्हींचा मेळ बसायला एकोणसाठावं-साठावं उजाडतं. तोवर निवृत्ती दारात आलेली असते.

आपली तारीख कशी काढायची

सोशल सिक्युरिटीच्या वेबसाइटवर स्वतःचं खातं उघडलं की वर्षवार कमाईचा तक्ता दिसतो. आज अपंगत्व आलं तर पात्र आहात का, तेही तिथल्या स्टेटमेंटमध्ये कळतं. पण डीएलआयची तारीख त्यावर छापलेली नसते. ती विचारावी लागते. १-८००-७७२-१२१३ या नंबरवर किंवा स्थानिक ऑफिसात नेमक्या शब्दांत विचारा (टायटल टू म्हणजे कायद्यातला याच विम्याचा भाग): टायटल टू डिसॅबिलिटीसाठी माझी डेट लास्ट इन्शुअर्ड काय आहे? नुसतं "मी पात्र आहे का" विचारलंत तर हो-नाही एवढंच उत्तर मिळेल.

त्याआधी तक्ता ओळीओळीने आपल्या डब्ल्यू-२ फॉर्मशी ताडून बघा. आपल्या नावांमुळे इथे घोळ होतो. पासपोर्टवर स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. लग्नानंतर मधलं नावही बदललेलं आणि आडनावही. कंपनीच्या नोंदीत सासरचं, सोशल सिक्युरिटी कार्डावर माहेरचं. नाव आणि नंबर जुळला नाही की ती कमाई तुमच्या खात्यात न जाता न जुळलेल्या कमाईच्या वेगळ्या फाइलमध्ये पडून राहते. कर कापलेला असतो, क्रेडिट नसतं. तक्त्यात एखाद्या वर्षापुढे शून्य दिसलं तर एसएसए-७००८ हा दुरुस्तीचा फॉर्म डब्ल्यू-२ किंवा पे स्टबच्या प्रतींसह द्या, आणि कार्डावरचं नाव एसएस-५ फॉर्मने बदलून घ्या.

दुरुस्तीलाही मुदत आहे: वर्ष संपल्यापासून ३ वर्षं, ३ महिने, १५ दिवस. २०२२ ची चूक १५ एप्रिल २०२६ पर्यंत. कंपनीने दिलेल्या पगाराबाबत त्यानंतरही काही अपवादांत दुरुस्ती होते. स्वयंरोजगाराला जवळजवळ होतच नाही. उशिरा रिटर्न भरून जुनं उत्पन्न दाखवलं तर कर द्यावा लागतो आणि क्रेडिट मिळत नाही.

तारीख उलटून गेल्यावर अर्ज करता येतो का

येतो. डीएलआय ही अर्जाची शेवटची तारीख नाही. त्या तारखेला किंवा त्याआधी तुम्ही कामाला असमर्थ झाला होता आणि ती असमर्थता तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे, हे दाखवता आलं तर नंतरचा अर्जही चालतो. असमर्थ म्हणजे पूर्णपणे: कोणतंही पुरेशा कमाईचं काम करता येत नाही, आणि ही अवस्था किमान १२ महिने टिकलेली किंवा टिकणारी आहे, किंवा त्यातून मृत्यू संभवतो. अर्धवट अपंगत्व या कायद्यात नाही.

अवघड असतं ते सिद्ध करणं. वर सांगितलेल्या बाईची डीएलआय ३१ डिसेंबर २०२३. तिच्या मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान एमआरआयवर फेब्रुवारी २०२४ मध्ये झालं. आज ती चालू शकत नाही, असं डॉक्टरने २०२६ मध्ये कितीही ठाम लिहिलं तरी उपयोग नाही, कारण प्रश्न २०२६ चा नाहीच. कामाला येतात ते सप्टेंबर २०२३ चे कागद: अर्जंट केअरमध्ये पाय बधिर होतो म्हणून गेल्याची नोंद, डोळ्यांच्या डॉक्टरने धूसर दिसतं असं लिहिलेलं, फिजिओथेरपीत किती मिनिटं उभी राहू शकली त्याचे आकडे. निदान नंतर झालेलं चालतं. लक्षणं आणि तपासण्या तारखेआधीच्या हव्यात. मग न्यूरॉलॉजिस्टने त्या जुन्या नोंदींचा उल्लेख करून लिहावं की एमआरआयवरचे बदल पाहता ही मर्यादा २०२३ अखेरीला होतीच, आणि ती नेमकी कोणती: किती वेळ बसणं, किती वेळ उभं राहणं, महिन्यातून किती दिवस काम बुडणार.

म्हणून तब्येत बिघडते आहे आणि आरोग्याचा इन्शुरन्स गेला आहे अशा काळात डॉक्टरकडे जाणं अजिबात थांबवू नका. कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये उत्पन्नानुसार फी असते. उपचारांसाठी भारतात गेला असाल तर तिथले कागदही पुरावा म्हणून देता येतात, पण ते मिळवून देणं तुमच्याकडे. भारतात फाइल पेशंटच्याच हातात असते. डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शन, तारखेसकट सगळं स्कॅन करून ठेवा. वैद्य किंवा कायरोप्रॅक्टर यांच्या नोंदी जोडायला हरकत नाही, पण आजार आहे हे सिद्ध व्हायला एमडीसारखा मान्यताप्राप्त डॉक्टर लागतो.

अर्जात एक तारीख विचारतात: तुम्ही काम करण्यास असमर्थ कधी झालात? इथे लोक निदानाची, ऑपरेशनची किंवा अगदीच अंथरुणाला खिळल्याची तारीख लिहून मोकळे होतात. ती डीएलआयच्या नंतरची असेल तर आपल्याच हाताने दावा संपतो. खरी तारीख लिहा, पण ती आठवून, कागद समोर ठेवून लिहा.

वयही डीएलआयच्या दिवशीचं धरतात. पन्नाशी आणि पंचावन्न या टप्प्यांवर नियम बरेच सैल होतात, कारण त्या वयात नवं काम शिकणं कठीण असं कायदाच मानतो. विमा एकोणपन्नासाव्या वर्षी संपला असेल तर आज वय बावन्न असूनही तो फायदा नाही.

कामाचा इतिहास आणखी एका ठिकाणी लागतो. जुनं काम आजही करता येईल का, हे बघताना पूर्वी मागची १५ वर्षं धरत. २२ जून २०२४ पासून फक्त ५ वर्षं धरतात, आणि डीएलआय मागे पडली असेल तर तिच्या आधीची ५. त्या फॉर्मवर नुसतं 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' लिहू नका. रोज किती तास बसून, किती तास टाइप करून, रात्रीच्या ऑन-कॉल किती, डेडलाइनचा ताण कसा, हे लिहा. गोडाऊनचं काम असेल तर उचललेलं वजन पौंडांत लिहा.

उशिराची किंमत

अर्जाच्या आधीच्या जास्तीत जास्त १२ महिन्यांचे पैसे मागे जाऊन मिळतात. शिवाय असमर्थता सुरू झाल्यावर पहिले पाच पूर्ण महिने काहीच मिळत नाही. एएलएस या स्नायू निकामी करत जाणाऱ्या आजाराला ही पाच महिन्यांची अट नाही. असमर्थता नोव्हेंबर २०२३ च्या मध्यावर सिद्ध झाली तर डिसेंबर ते एप्रिल वाट बघण्यात जातात आणि हक्क मे २०२४ पासून. पण अर्ज मार्च २०२६ मध्ये केला तर पैसे मार्च २०२५ पासूनच. दहा महिने बुडाले. मेडिकेअर हक्काच्या पंचविसाव्या महिन्यात सुरू होतं, म्हणून तेही मे २०२६ ऐवजी मार्च २०२७ वर जातं.

नकार आला तर अपिलाला ६० दिवस. पत्र त्यावरच्या तारखेनंतर ५ दिवसांत पोहोचलं असं धरतात. पाकीट जपून ठेवा. पोस्टाचा शिक्का उशिराचा असेल तर तोच पुरावा. विमा चालू असताना अपील चुकलं तर नवा अर्ज करता येतो. पण डीएलआय उलटल्यावर नकार मिळाला आणि ६० दिवस गेले, तर पुढच्या अर्जात तोच काळ पुन्हा तपासायला ते नकार देऊ शकतात, कारण त्या काळाचा निकाल आधीच लागलेला असतो. पहिल्या नकारपत्रापासून १२ महिन्यांत कोणत्याही कारणाने आणि ४ वर्षांत नवा महत्त्वाचा पुरावा असल्यास फेरउघडणी मागता येते, पण ती मान्य होईलच असं नाही. म्हणून तारीख मागे पडलेल्याने "नंतर पुन्हा अर्ज करू" असं कधीही म्हणू नये. अपीलच करावं, आणि वकील इथेच धरावा. अशा केसमध्ये वकिलाची फी दावा जिंकल्यावर मागच्या थकबाकीतून, ठरलेल्या मर्यादेत दिली जाते.

आपल्या कामावर नसलेले मार्ग

स्वतःचा विमा खरोखरच संपला असेल तरी दुसऱ्याच्या कामावर आधारलेले दोन हक्क तपासून बघा. नवरा किंवा बायको वारली असेल आणि मागे राहिलेल्या व्यक्तीचं वय ५० ते ६० असेल, तर मृत्यूनंतर सात वर्षांच्या आत आलेल्या अपंगत्वावर जोडीदाराच्या खात्यातून रक्कम मिळू शकते. वय २२ होण्याआधीपासून अपंगत्व असलेल्या अविवाहित मुलाला किंवा मुलीला आई-वडिलांपैकी कोणी निवृत्तीची किंवा डिसॅबिलिटीची रक्कम घेऊ लागलं, किंवा वारलं, की त्यांच्या खात्यातून मिळतं. मुलाचं स्वतःचं एकही क्रेडिट लागत नाही. मुलाचे बालपणीचे शाळेचे आणि डॉक्टरांचे कागद इथे सोन्याच्या मोलाचे. घर बदलताना ते खोके टाकू नका.

एसएसआय ही कमी उत्पन्नाच्या वृद्ध आणि अपंग लोकांसाठीची वेगळी योजना आहे. तिला कामाचा इतिहास लागत नाही, पण एकट्याकडे २,००० आणि जोडप्याकडे ३,००० डॉलरच्या वर मालमत्ता चालत नाही. राहतं घर आणि एक गाडी त्यात धरत नाहीत. एच-१बी किंवा एच-४ वर असलेल्यांना ती मिळत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना बहुतेक वेळा ४० क्रेडिट्सची अट पडते, आणि इथे मात्र लग्नाच्या काळातली जोडीदाराची क्रेडिट्स आपल्यात मिळवता येतात.